सोवळ्यात भरलेली बाटली

आमच्या कॉलनीत माझ्याइतकं कमी शिकलेलं कुणी नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला ते सांगायची तसदी नको. मी सातवीतून शाळा सोडली. बाकी सगळी घरं शिकलेली. निवृत्त प्राध्यापक, वकील, बँकेतले साहेब, एक औषध दुकानवाले आणि विद्यानगरच्या कॉलेजात शिकवणाऱ्या दोन बाई. नवनगरात, म्हणजे हुबळी आणि धारवाडच्या बरोबर मध्ये, राहायचा फायदा असा की दोन्हीकडची विद्वत्ता आमच्याकडे येते. नळाचं पाणी मात्र रोज येत नाही. म्हणून कॉलनीची स्वतःची बोअर आहे, आणि बोअर आहे म्हणून मी आहे.

माझ्या कामाला वॉटरमन म्हणतात. मोटर चालू करायची, जमिनीखालची टाकी, जिला इकडे संप म्हणतात, ती भरायची, संपात ब्लीचिंग पावडर कालवून टाकायची आणि गल्लीगल्लीचे व्हॉल्व फिरवायचे. पाणी आलं तर कुणाला माझी आठवण येत नाही. नाही आलं की चाळीस घरांना एकदम येते.

माझं गाव हिंगोली जिल्ह्यात. इथं मी आलो तो बोअर मारायच्या गाडीवर मजूर म्हणून. गाव सोडून चार राज्यांतली जमीन भोकं पाडत फिरलो, आणि जिथं जे पाणी मिळालं ते प्यालो. दुसऱ्यांसाठी जमिनीतून पाणी काढायचं आणि आपण रस्त्याकडेच्या टाकीतलं प्यायचं, असा तो धंदा. या कॉलनीची बोअर मारून झाली त्या दिवशी माझे डोळे हळदीसारखे झाले होते. गाडीचा मिस्त्री म्हणाला, पुढचं काम बागलकोटला आहे, गाडीला कावीळ झालेली नाही. मला माझ्या पिशवीसकट कमिटीच्या अध्यक्षांच्या पायरीवर बसवून गाडी गेली.

ते अध्यक्ष म्हणजे सर. तीस वर्षं भूगोल शिकवलेले, धारवाडचं जुनं मराठी घर. त्यांची बायको म्हणजे अक्का. मला पंपघराच्या खोलीत झोपवलं आणि महिनाभर ताक-भात, उसाचा रस, डाळिंबाचे दाणे, सगळं अक्कांनी दिलं. दिलं म्हणजे पायरीवर ठेवलं. मग दोन पावलं मागं सरून म्हणाल्या, "घे तम्मा." इकडे धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. मला स्वतःच्या घरात इतक्या प्रेमानं कुणी हाक मारल्याचं आठवत नाही, तीही इतक्या अंतरावरून. बरा झाल्यावर सरांनी मला वॉटरमन केलं. मी त्या दोघांचा जन्माचा ऋणी आहे, आणि हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. बाकीचं बरंचसं टोमणा म्हणूनच लिहिलं आहे.

अक्कांचं सोवळं कडक. इकडे त्याला मडी म्हणतात. पहाटे आंघोळ करून ओलेत्यानं पाणी भरायचं, देवाला आणि स्वतःला तेच. नळाचं पाणी त्यांना चालत नाही, कारण ते कुठून कुठून कुणाकुणाला शिवून येतं. संपातलं चालत नाही, कारण त्यात ब्लीचिंग पडतं आणि ते टाकणारा मी. उकळलेलं देवाला चालत नाही. म्हणून त्यांच्यासाठी बोअरच्या पाइपाला, पाणी संपात पडायच्या आधीच, एक वेगळी पितळी तोटी बसवली आहे. थेट जमिनीतलं, कुणाचा हात न लागलेलं. साडेपाचला मी आतून मोटर चालू करायची आणि पंपघराच्या पलीकडे जाऊन उभं राहायचं. अक्का येऊन तांब्याची घागर भरून गेल्या की मग मी माणसात यायचं. त्या तोटीला गेल्या अकरा वर्षांत मी बोट लावलं नव्हतं. नळदुरुस्तीचं सगळं काम माझंच, पण त्या तोटीचा वॉशर सर स्वतः बदलत. उलटा बसवत, पण स्वतः बसवत.

गेल्या वर्षी कमिटीला पर्यावरणानं गाठलं. कुठल्याशा कॉलनीला पाणी जिरवल्याबद्दल ढाल मिळाल्याचा फोटो मोबाइलवर आला, आणि आठ दिवसांत आमच्याकडेही पाणी जिरवायचं ठरलं. आमच्या आवारात एक जुनी, आटलेली बोअर होती, चालू बोअरपासून माझ्या पंधरा पावलांवर. सगळ्या गच्च्यांचं पावसाचं पाणी पाइपानं आणून त्या जुन्या बोअरमध्ये सोडायचं. इथपर्यंत ठीक होतं. आधी खड्ड्यात खडी, वाळू, कोळसा घालून पाणी गाळून घ्यायचं, असं आराखड्यात होतं. पण खड्डा गणपतीच्या मांडवाच्या जागेत येत होता. गणपती हलवणं शक्य नव्हतं, खड्डा हलवायला जागा नव्हती, म्हणून गाळणी रद्द झाली. तिच्याऐवजी ग्रॅनाइटचा कट्टा बांधला आणि त्यावर कमिटीच्या लोकांची नावं कोरली. पाणी नाही गाळलं तरी नावं मात्र नीट गाळून घेतली, कारण दोन जणांची वगळली होती.

पाइप टाकून झाल्यावर बँकेतल्या साहेबांच्या लक्षात आलं की पाऊस चारच महिने पडतो. म्हणजे एवढा चांगला पाइप आठ महिने रिकामा बसून राहणार. आमच्या लोकांना घरात रिकामी बरणी पाहवत नाही, तिथं पाइप कसा पाहवेल? मग सर्वानुमते ठरलं की बाकीच्या महिन्यांत भांडी घासायच्या मोरीचं आणि न्हाणीघराचं पाणी त्यातच सोडायचं. थेंबही वाया जायला नको. बारमाही पुनर्भरण, असं सरांनी त्याला नाव दिलं आणि टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. जोडणी मीच केली. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं नाही तर बाकीच्यांवर हसायचा हक्क राहत नाही.

संक्रांत झाली आणि बोअरच्या पाण्याला फेस यायला लागला. फार नाही. बादलीत जोरात सोडलं तर कडेला पांढरी रेघ राहायची. वास नव्हता, किंवा होता तो साबणाचा होता, त्यामुळे कुणाला वाईट वाटला नाही. मी संपातलं ब्लीचिंग वाढवलं. तेव्हा मात्र घराघरातून तक्रार आली की पाण्याला औषधाचा वास येतो, चहा बिघडतो. म्हणून कमी कर म्हणाले. मी हो म्हणालो आणि केलं नाही. नोकरी जाईल या भीतीनं मी रोज दहा गोष्टींना हो म्हणतो, त्यातली ही एक.

पण अक्कांची तोटी संपाच्या आधी होती. तिथं माझं ब्लीचिंग पोचतच नव्हतं, आणि ते पाणी पिणाऱ्या त्या एकट्याच; सर संपातलंच पीत.

शिवरात्रीच्या सुमाराला अक्का पाणी भरायला येईनाशा झाल्या. सरच घागर घेऊन यायला लागले, ओल्या पंच्यात, कुडकुडत. मी पलीकडून विचारलं तर म्हणाले, पोट बिघडलंय तिचं, उपासाचं बाधलं असेल. आठ दिवसांनी विचारलं तर म्हणाले, उन्हाळा लागतोय ना, उष्णता. पंधरा दिवस झाले. एक दिवस पायरीवर मला डबा द्यायला त्या स्वतः आल्या आणि दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. सत्तरीतली बाई, आधीच काटकुळी. घरातले सगळे उपाय चालू होते. सुंठ, जायफळ, डाळिंबाची साल. आणि सगळं घ्यायचं ते त्याच घागरीतल्या पाण्याबरोबर. औषध दुकानवाल्यांनी सल्ला दिला होता की पाणी भरपूर प्या.

काविळीत पडलेल्या माणसाला पाण्याची भीती कशी बसते, ते शिकलेल्या माणसाला सांगून कळत नाही. मी कमिटीच्या बैठकीत गेलो. गेलो म्हणजे खुर्च्या मांडायला गेलो आणि तिथंच उभा राहिलो. म्हणालो, मोरीचं पाणी आपल्याच बोअरमध्ये उतरतंय, अक्का त्याच पाण्यानं आजारी आहेत, जोडणी तोडूया.

सगळे प्रेमानं हसले. वकील म्हणाले, पाणी जमिनीत गेलं की गाळलं जातं, हे चौथीच्या पुस्तकात आहे. मी चौथी पास आहे, तेव्हा मलाही ते होतं. सरांनी भिंतीवर हातानं थर काढून दाखवले. वर माती, मग मुरूम, मग खडक. "जमिनीसारखी गाळणी माणसाला बनवता आलेली नाही," म्हणाले. बरोबर आहे. पण जमिनीवर पाणी शिंपडलं तर ते या थरांतून जाईल. बोअर म्हणजे ते सगळे थर टाळून खाली जायचा जिना. तो आम्हीच शेकडो फूट खणलेला असतो.

मग मी जे कधी बोललो नव्हतो ते बोललो. चालू बोअर मारली त्या दिवशी गाडीवर मी होतो. खाली खडकाला भेग लागली, तेव्हा मशिन खाली सोडतं त्या हवेच्या जोरानं पंधरा पावलांवरच्या या जुन्या बोअरच्या तोंडातून चिखलाचं पाणी उडालं होतं. मिस्त्रीची लुंगी भरली म्हणून लक्षात राहिलं. खाली दोन्ही बोअरी एकच आहेत. इकडे ओतलं की तिकडे येतं, मध्ये गाळायला काही नाही.

बँकेतले साहेब म्हणाले, तुला तेव्हा कावीळ होती ना रे? कावीळ झालेल्या माणसाला काय काय दिसतं. आणि विषय गणपतीच्या वर्गणीकडे गेला.

आरोग्य केंद्रातली आशाताई आमच्या मागच्या वस्तीत येते. तिच्याकडे पाणी तपासायच्या छोट्या काचेच्या बाटल्या असतात. आत औषध लावलेला कागद. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावून ठेवायचं. एक-दोन दिवसांत पाणी काळं झालं तर त्यात घाण उतरलेली आहे. तिला माझं काकुळतीला आलेलं तोंड बघून दया आली आणि तिनं दोन बाटल्या दिल्या. झाकणाच्या आत बोट घालू नको, एवढंच बजावलं.

त्या दुपारी मी पितळी तोटीला हात लावला. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं, तरी मंदिरात चोरी केल्यासारखं वाटत होतं. बाटली भरली आणि माझ्या खोलीत मोटरच्या स्टार्टरवर ठेवली. दुसऱ्या दिवशी ती शाईच्या दौतीसारखी झाली होती.

ती घेऊन सरांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून उजेडात धरली, बराच वेळ बघितली. मला वाटलं, पटलं. मग त्यांनी विचारलं, "भरली कुणी?"

म्हणालो, मी.

"तोटीला हात लावलास?"

"लावला, सर."

"मग तुझ्या हातानं काळी झाली ती," सर म्हणाले. रागानं नाही. उलट मला दोष लागू नये अशा आवाजात, सावकाश, वर्गातल्या मुलाला गणित कुठं चुकलं ते दाखवावं तसं. हात नीट धुतला होतास का, दिवसभर ग्रीस, ब्लीचिंग, गटार, सगळीकडे तुझे हात असतात. नमुनाच दूषित झाला.

मोरीतून रोज येणाऱ्या चाळीस घरांच्या पाण्यानं बोअर दूषित होत नाही, माझ्या एका बोटानं होते. एवढं सामर्थ्य अंगात आहे हे मला आधी कळतं तर मी गावातच काहीतरी करून दाखवलं असतं.

पण त्यांच्या म्हणण्यात मला एक वाट दिसली. माझा हात नको ना? मग हात लागलाच नसेल अशी बाटली भरायची. आणि या कॉलनीत असा एकच माणूस होता.

सर बाजारात गेल्याचं बघून मी पायरीशी गेलो. अक्का दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी लांबूनच सगळं सांगितलं. त्यांना थर आणि भेगा यांत रस नव्हता. बाटली कशाची आहे ते विचारलं. काचेची म्हटल्यावर मान हलवली, काच चालते. झाकण प्लास्टिकचं आहे म्हटल्यावर कपाळाला आठी पडली. आतला कागद कशाचा, ते मला माहीत नव्हतं आणि मी तसं सांगितलं.

"आणि काळी नाही झाली तर?" त्यांनी विचारलं.

"तर मी चुकलो म्हणेन. कमिटीपुढे म्हणेन."

"आणि झाली तर?"

झाली तर अकरा वर्षांचं सोवळं पाणी काय होतं, हा प्रश्न माझ्या तोंडून यायचा नव्हता. त्यांनीही तो विचारला नाही. म्हणाल्या, "ठेव तिथं. तुझ्या हाताची आहे, धुवून घेते." मी घाईघाईनं सांगितलं की बाहेरून धुवा अक्का, आतून नको, औषध जाईल. तेवढं त्यांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी मोटर लावली आणि पलीकडे जाऊन उभा राहिलो. त्या आल्या. एका हातानं भिंत धरत, ओल्या लुगड्यात, आदल्या दिवशीपासून पोटात काही टिकलेलं नसताना. सर मागून येत होते आणि कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटत होते, ब्याड, ब्याड. नको म्हणत होते ते थंडीमुळे, की बाटलीमुळे, कळलं नाही. अक्कांनी तोटी चिंचेनं घासली, धुतली, हात धुतले, मग बाटली भरली. आरोग्य केंद्रातल्या कुणीही इतक्या स्वच्छतेनं नमुना घेतलेला मी बघितलेला नाही. बाटली त्यांनी देवघरात ठेवली, समईच्या बाजूला. तिकडे घरातल्या दुसऱ्या कुणालाही हात लावायची मुभा नव्हती. खुद्द सरांनाही आंघोळीशिवाय नव्हती.

तो दिवस मी कसा काढला, सांगत नाही. दोन गल्ल्यांना पाणी सोडायचं विसरलो. एकीकडे वाटत होतं काळी होऊ दे, म्हणजे ती बाई ते पाणी सोडेल. एकीकडे वाटत होतं नको व्हायला, म्हणजे माझी खोली राहील. ज्या घरानं मरताना उचललं त्यांच्या देवघरात आपण काय ठेवून आलो, असंही वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी कमिटीची बैठक अक्कांनी बोलावली. त्यांना तसा काही अधिकार नाही, पण सगळे आले. त्यांनी केळीच्या पानावर ठेवलेली बाटली कट्ट्यावर, बरोबर कोरलेल्या नावांवर ठेवली. काजळासारखी काळी.

"मडीत भरली मी," त्या म्हणाल्या. "देवापाशी ठेवली. आता कुणाचा हात म्हणता?"

बँकेतले साहेब काहीतरी म्हणणार होते. सरांनी त्यांच्या दंडाला धरून थांबवलं. तीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस जमिनीकडे बघत उभा होता. मग मला म्हणाले, "पान्हा आण."

मोरीची आणि न्हाणीची जोडणी मी त्याच दिवशी तोडली आणि जुन्या बोअरच्या तोंडावर झाकण बसवून सिमेंट मारलं. सर वाळू चाळून देत होते. मी पुढे आठवडाभर बोअर उपसून पाणी लांबच्या नाल्याला सोडत राहिलो. कमिटीच्या वहीत नोंद अशी आहे की पुनर्भरण प्रकल्पाचा पहिला टप्पा यशस्वी झाल्यामुळे तो तूर्त स्थगित करण्यात येत आहे. बोअरमधला दोष कुणाच्या लक्षात आला, त्यापुढे अध्यक्षांच्या सौभाग्यवती असं लिहिलं आहे. त्यात चूक काही नाही. बाटली त्यांनीच भरली.

राहिला प्रश्न अक्कांनी प्यायचं काय. बोअर स्वच्छ होईपर्यंत पितळी तोटी बंद. सरांनी त्यांना रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं, गोळ्या आणल्या, आणि डॉक्टरनं सांगितलं की औषध टाकलेलं पाणीच प्यायचं. परत आल्यावर अक्कांनी मला पायरीशी बोलावलं आणि विचारलं, ब्लीचिंग कशापासून करतात. मला आशाताईनं सांगितलं होतं तेवढं सांगितलं, चुना असतो त्यात, आणि मिठातून काढलेला वायू.

त्यांनी विचार केला. "चुना पानात खातो. मीठ तर काय, सगळ्यातच. दोन्ही चालतं की."

कुठल्या शास्त्रात बसवलं, त्यांनाच ठाऊक. पण बसवलं. पंपघरात मी त्यांना दुरून दाखवलं, किती पावडर, किती पाणी, चुना खाली बसू द्यायचा, वरचं नितळ तेवढं घागरीत, मोजून थेंब, मग अर्धा तास थांबायचं. त्या सगळं स्वतःच्या हातानं करतात, ओलेत्यानं. पहिल्या दिवशी भांडं तोंडाला लावून थांबल्या. "दवाखान्याचा वास येतो रे," म्हणाल्या, आणि प्याल्या. मी त्यांच्या गळ्याकडे बघत उभा होतो, पुन्हा काही झालं तर, या भीतीनं.

आठ दिवसांत पोट ताळ्यावर आलं. पंधरा दिवसांत खोल गेलेला आवाज पूर्वीसारखा झाला. सोवळं जिथं होतं तिथं आहे, डबा अजून पायरीवरच असतो, मी अजून पंपघराच्या पलीकडेच उभा राहतो. फरक एवढाच की आता घागर भरून झाली तरी अक्का लगेच जात नाहीत. अर्धा तास झाला की त्यातलं घोटभर पाणी पायरीवर ठेवलेल्या माझ्या काचेच्या नळीत वरून ओततात आणि मागं सरतात. मी त्यात आशाताईनं दिलेल्या तपासायच्या औषधाचे थेंब टाकतो; ब्लीचिंग पुरेसं उतरलं असेल तर पाणी पिवळं होतं.

"पिवळं झालं का तम्मा?"

मी नळी उजेडात धरतो, नीट बघतो, घाई करत नाही. सरही चष्मा लावून बघत असतात.

"झालं अक्का. प्या."